दातओठ

मौलिक विनिपेगला गेला तेव्हा
पिंजरा माझ्या दारात ठेवून गेला.
'काकी, बे महिना रखजो.'
त्या दोन महिन्यांना चार उत्तरायणं उलटली.

पहिल्या रात्री दिवा घालवला
आणि अंधारात आवाज सुरू झाला,
वाळक्या सुपारीवर कोणी बोथट अडकित्ता घासावा तसा.
म्हटलं, झालं. दातओठ खातोय माझ्यावर.
परक्या घरात आणून टाकलं, रागावणारच.

सकाळी डॉक्टर ध्वनीबेनना फोन केला.
त्या हसत सुटल्या.
'दात कुठे आहेत त्याला? आणि ओठ?
चोच घासतोय. पोट भरलेलं असलं,
भीती नसली, झोप आली, की घासतात.'

एकतीस वर्षं रावपुऱ्यातल्या एक्सचेंजमध्ये
कानाला हेडफोन लावून बसले मी.
सुरत, दाहोद, नडियाद,
नुसत्या श्वासावरून ओळखायचे
पलीकडचा माणूस रडून आलाय की रडणार आहे.
आणि हा नव्वद ग्रॅमचा कॉकाटिल
कानाशी सांगत होता, बरं चाललंय,
तर मला राग ऐकू आला.

मग शिकायला बसले.
तुरा ताठ उभा: कोण आलं?
तुरा डोक्याला चिकटलेला: बोट आत घालू नका.
तुरा जरासा मागे कललेला,
जेवण झाल्यावर आपण खुर्चीत कलतो तसा,
तेव्हा बोलायला हरकत नाही.
एक पाय पोटाच्या पिसांत घेऊन झोपला तर खुशाल झोपू द्यावं.
भर दुपारी फुगून दोन्ही पायांवर बसला
तर रिक्षा बोलवावी.
एका पायाचा फरक.
मी तो एकदा चुकले होते. पुन्हा नाही.

खात्याच्या लिलावात घेतलेला
पत्रं तोलायचा काटा अजून चालतो.
रोज सकाळी गोटू त्यावर चढतो.
नव्वद. एकोणनव्वद.
ब्याण्णव, काल मका जास्त झाला.
आकडे कॅलेंडरवर, दुधाच्या खाड्यांशेजारी.

सूर्यफुलाच्या बियांशिवाय तो काही ओळखत नव्हता.
मेथीला पाठ करून बसायचा.
सात आठवडे मी त्याच्यासमोर
कच्ची मेथी चावत राहिले,
वा वा म्हणत, तोंड कडू.
आठव्या आठवड्यात त्याने माझ्याच ओठांतलं पान ओढलं.
नॉनस्टिक तवा माळ्यावर गेला, त्याची वाफ याला विषारी.
माझे डोसे आता बिडाला चिकटतात
आणि तो ते फार लक्ष देऊन बघतो.

गेल्या उत्तरायणाला मात्र
गच्च्यागच्च्यांवर 'काप्यो छे!',
थाळ्या, भोंगे, रात्री फटाके.
अंधारात एकदम तो पिंजराभर आपटायला लागला.
शेपटीचं पीस तुटलं, पांढऱ्या कापडावर रक्ताचे दोन ठिपके.
झीरोचा दिवा लावला,
पिंजरा आतल्या खोलीत, तीन बाजूंनी चादर,
चौथ्या बाजूला मी.
काय बोलावं सुचेना,
तर तोंडातून जुनाच आवाज आला,
रात्रपाळीचा, सपाट, न घाबरणारा:
'नंबर सांगा. होल्ड करा. लाइन देते.'
नंबर सांगा. होल्ड करा.
पावणेतीनला तुरा हळूहळू खाली आला.
मग ते सुपारीचं घासणं.
तेव्हा कळलं, माझा जबडा दुखतोय.
संध्याकाळपासून दातओठ खात होते ती मी.

परवा रात्री साडेनऊला मौलिकचा फोन.
तिकडे सकाळ, बर्फ, नोकरीचं अजून नक्की नाही.
इकडचं तिकडचं झालं.
मग विचारलं, 'खुश छे ने ए?'

काय सांगायचं?
वजन सांगू? मेथी सांगू?
म्हटलं, होल्ड कर.
चादर जराशी उचलली,
फोन जाळीजवळ धरला.
गोटू घासत होता, एका पायावर,
डोळे मिटून.

पलीकडे बराच वेळ कोणी बोललं नाही.
मग श्वास बदलला.

मी काही विचारलं नाही.
लाइन चालू ठेवली.